कानातल्या बटणाचा उन्हाळा

बेंबळीत टँकर सुरू झाला, असं भाचीनं फोनवर सांगितलं आणि इकडं खडगपुरात मी उगाच उठून दोन कळश्या भरून ठेवल्या. आमच्या नळाला दोन्ही वेळ पाणी येतं. भरून ठेवायचं काही कारण नव्हतं. पण वैशाखात गावाकडचा फोन आला की माझं असंच होतं. आधी हाताला काहीतरी काम लागतं, आणि समोरचं माणूस काय बोललं ते सगळ्यात शेवटी कळतं.

फोन मी नातवाच्या हेडफोनमधून ऐकते. कान आता थोडे जड झालेत. दोन्ही कानांवर त्या मऊ वाट्या बसल्या की भाची जणू माझ्या मांडीला मांडी लावून बोलते. तिचं "आत्या, तुम्ही जेवलाव का" ऐकलं की पन्नास वर्षांचं लांबपण मधून कुणीतरी काढून घेतं. मालक रेल्वेत होते म्हणून मी इथं आले. पोटभर अन्न आणि पक्कं घर दिलं या परक्या गावानं. उपकार विसरायची नाही. पण कान मात्र तिकडंच राहिले.

हेडफोनच्या वाट्या आता फाटल्यात. काढला की गालाला काळी पापडी चिकटते. परवा अनिकेत, म्हणजे माझा नातू, मोबाईल घेऊन शेजारी बसला. वरून लावायच्या कायकाय वस्तू मिळतात ते मला दाखवू लागला. वाट्यांच्या नव्या गाद्या, गोफ विणल्यासारखी वायर, सोनेरी टोकाची पिन, ठेवायची पेटी.

"आजी, हे सगळं बदललं की आवाजच बदलतो म्हणे."

"कोण म्हणतंय?"

"विकणारे." मग हसून म्हणाला, "आणि घेणारेपण."

"घेणारे म्हणणारच की बाबा. घेतल्यावर कोण कशाला न्हाय म्हणंल?"

मी सांगितलं, गाद्या घे, वायर राहू दे. तो म्हणाला, "तुला काय कळतं गं यातलं?" खरंच आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पण हाच प्रश्न, वरून काय लावलं म्हणजे चांगलं ऐकू येईल हा, आमच्या घरात एका उन्हाळ्यात आठवडाभर जेवायला बसला होता. त्याला काय सांगू आणि कुठून सांगू असं झालं, म्हणून इथं लिहिते.

बाहत्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा. मी सतराची. उन्हाळा म्हटलं की लोकांना आंबा आठवतो, मला रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास आठवतो. ती भाकरी थापताना कडेला चिरायची आणि आई तिला लहान लेकराला समजवावं तसं बोटानं समजवायची. कामावर मिळणाऱ्या सुकडीचा गोडसर, भाजका वास. कडुलिंबाला मात्र त्या सालीही तेवढाच मोहर. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं जणू. बैल छावणीत गेलेले, गोठ्यात नुसती दावण. आणि दिवसभर लांबून कुठूनतरी सुरुंगाचा दणका. सगळा मुलूख खाली खाली पाणी शोधत निघाला होता.

आमच्या बौद्धवाड्यातल्या आणि शेजारच्या आळीतल्या माणसांनी मिळून मजूर सोसायटी काढली होती. विहिरी खोल करायची कामं सोसायटीला मिळत. टोळीचा मुकादम माझा मामा, सुदाम. नावाला मुकादम, पण विहिरीत सगळ्यात आधी तोच उतरायचा आणि सगळ्यात शेवटी वर यायचा. आई आणि मी मुरूम वाहायचो. आणि दादा, म्हणजे माझे वडील, यारीवर.

यारी म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभी केलेली उचलायची चौकट. तिच्या तारेला मोठी लोखंडी बादली. खाली फोडलेला दगड बादलीत भरायचा, वर दोघांनी दांडा फिरवून ती ओढायची, आणि ब्रेकवर एका माणसाचा हात. तो हात दादांचा. विहीर इतकी खोल गेली होती की वरून खालच्यांची नुसती डोकी दिसत, तीसुद्धा धुरळा बसला तर. ब्रेकपाशी उभं राहिलं तर तेवढंही दिसायचं नाही. म्हणून सगळा कारभार हाकेवर. खालून "वढा" आलं की ओढायचं, "थांबा" आलं की थांबायचं. दांड्याच्या खडखडाटात फिरवणाऱ्या दोघांना हाक कळायची नाही, ते ब्रेकवाल्याच्या हाताकडं बघूनच चालत. ती हाक ज्याच्या कानावर, खालच्यांचा जीव त्याच्या हातात.

आणि दादांना ती हाक ऐकू येईनाशी झाली होती.

वर्षानुवर्षं सुरुंगाजवळ उभं राहून कान गेले होते. एकदम गेले नाहीत. उन्हात रंग उडतो तसे गेले. घरात आम्ही मोठ्यानं बोलायला कधी लागलो ते आम्हालाच कळलं नाही. विहिरीवर आईनं ते झाकून नेलं होतं. ती डोक्यावरचं घमेलं रिकामं करायला मुद्दाम दादांच्या बाजूनं जायची, आणि खालून हाक आली की जाता जाता त्यांच्या पाठीला कोपर लावायची. लोकांना वाटायचं, काय नवरा-बायकोचं चाललंय या वयात. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आईही हसायची.

एका दुपारी आई पाणी प्यायला गेली आणि नेमकी तेव्हाच "थांबा" आली. बादली थांबली नाही. मामाचा हात बादलीच्या काठावर होता, तो दगडाला घासत गेला. बोटं वाचली, कातडं गेलं.

मामा वर आला, हाताला फडकं गुंडाळलं, बिडी पेटवली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दाजी," तो म्हणाला, दादांच्या अगदी समोर उभा राहून, ओठ दिसतील असा, "पुढल्या सोमवारपस्तोर बघू. न्हायतर ब्रेकवर दुसरा माणूस. माजं लेकरू बारकं हाय."

दादांनी मान हलवली. दुसरा माणूस म्हणजे दादांनी ईट गावाच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं, तिथंच तंबूत राहायचं. पन्नाशीचा माणूस, छातीत खोकला. आणि त्याहून मोठं म्हणजे, यारीवरचा माणूस ही दादांची गावातली ओळख होती. तोवर ते मामाला हसत म्हणायचे, "मेव्हण्याला रोज खड्ड्यात घालायचं आन रोज वर काढायचं, असलं भाग्य कुणाला हाय?" त्या दिवसापासून ते वाक्य बंद झालं.

यंत्र आलं ते आप्पांकडून. आप्पा म्हणजे गावातले किराणा दुकानदार, लिंगायत, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, घरात कानडी बोलायचे. त्यांच्या आईसाठी त्यांनी सोलापूरहून कानाचं यंत्र आणलं होतं. म्हातारी गेली आणि यंत्र फडताळात पडून होतं. मामाच्या हाताची गोष्ट गावभर झाली तशी आप्पा स्वतः यंत्र घेऊन आले. आमच्या ओट्यावर बसले, आमच्या घरचं पाणी मागून प्याले. त्या काळात त्या बसण्याला आणि त्या पिण्याला काय अर्थ होता ते ज्याचं त्याला ठाऊक. मला अजून ते पाणी पिणं दिसतं.

"अव्वाचं हाय," ते म्हणाले. "कपाटात बसून काय ऐकतंय ते? घाला कानात."

बिडीच्या बंडलाएवढी एक डबी. तिला पुढं बारीक जाळी. डबीतून वायर निघायची आणि वायरच्या टोकाला बटण. बटणाला रबर, ते कानात बसवायचं. डबी खिशात. दादांनी कानात घातलं आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"येतंय का?" आईनं विचारलं.

"येतंय, येतंय," दादा म्हणाले. "लई झ्याक."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. घरात नवी वस्तू आली की तिला आधी अंगडं शिवायचं. ट्रंकेला गवसणी, रेडिओ असेल त्याच्या रेडिओला, बॅटरीलासुद्धा. वस्तू उघडी ठेवणं म्हणजे तिची कदर नसणं. आईनं त्याच दिवशी जुन्या गोधडीचं दुपदरी कापड काढलं आणि यंत्राला पिशवी शिवली. चारी बाजूंनी बंद, वर काज-बटणाचं झाकण, वायर निघायला तेवढं एक भोक. वरून लाल दोऱ्यानं कमळ काढलं. इतकी सुबक पिशवी मी पुन्हा पाहिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दादा म्हणायला लागले, "येतंय, पण माणसं घोंगडीखालून बोलत्यात."

आणि मधूनच बटणाची शिट्टी वाजायची, कुकरसारखी. विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "आलं बगा, दाजींचं इंजन आलं." दादा कानशील दाबून हसायचे.

मग गावात ज्याला त्याला उपाय सुचला. कुणी म्हणालं सेल जुना झाला. कुणी म्हणालं वायर जुनी, आवाज वाटेत सांडतो. शेवटी मी आणि दादा धाराशिवला गेलो. एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. स्टँडच्या मागं एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार म्हातारे मुसलमान चाचा, डोळ्याला भिंग बांधलेले. त्यांनी पिशवीवरचं कमळ बघून "वा, क्या कसीदा है" म्हटलं, पिशवी बाजूला ठेवली, यंत्र उघडून पुसलं, नवी वायर लावली आणि दादांच्या कानात बटण दिलं.

दादांचं तोंडच बदललं. "सुमे, सायकलीची घंटी! चहाच्या दुकानात कपबशी वाजली बग!"

"वायर का कमाल है," चाचा म्हणाले.

आम्ही वायर घेतली. एसटीत दादा यंत्र पुन्हा पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून बसले. बेंबळीत उतरलो, घरी आलो, आणि पुन्हा घोंगडी.

यावर आमच्या घरात काय निष्कर्ष निघाला असेल? धाराशिवची हवा. दादा म्हणाले, "शहराची हवाच निराळी असती. तिथं आवाज मोकळा चालतो." आई म्हणाली, "आन आपल्याकडं पाणी न्हाय ना हवेत, कोरड्या हवेत आवाज मरतोय." मामासुद्धा मान हलवून "व्हय, असंल," म्हणाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, मलाही ते पटलं.

दोन दिवसांनी पुन्हा धाराशिव. दुष्काळातल्या कामाचा अर्धा दिवस बुडवून. चाचांनी पुन्हा पिशवी बाजूला ठेवली, पुन्हा सगळं ऐकू आलं. आता ते स्वतःच चक्रावले. दुकानातल्या एका डब्यात तीन मापांची रबरं होती, त्यातलं मोठं त्यांनी बटणाला बसवलं. शिट्टी कायमची बंद झाली. कान नीट मिटल्यासारखा झाला. तेवढं एक काम त्या खरेदीत खरं झालं, आणि म्हणूनच मी अनिकेतला गाद्या घे म्हणाले. कानाला चिकटून बसतं ते कामाचं. दादांनी विचारलं, अजून काय लावू? दुकानात चामड्याचं पाकीट होतं, परदेशी सेल होता, चकचकीत पिनही होती. चाचांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं.

"काका, मेरा काम बेचने का है, मैं तो बोलूंगा लेव. लेकिन तुमकू सुनाई दे रा ना? फिर कायकू लेते?"

त्या माणसाची मला अजून आठवण येते. विकणाऱ्यानं 'घेऊ नका' म्हणावं, हे मी त्यानंतर फार कमी ऐकलं.

शनिवारी पिशवी मळली म्हणून आईनं धुवायला काढली. पाणी कसलं, भांडी विसळलेलं पाणी. दादा यंत्र तसंच सदऱ्याच्या खिशात घालून ओट्यावर बसले होते. आई आत चुलीपाशी होती, दादांकडं पाठ करून, आणि रोजच्या सवयीनं स्वतःशीच पुटपुटली, "ह्यांना सांगून तरी काय उपेग."

"सांग की," ओट्यावरून दादा म्हणाले. "ऐकतोय मी."

आईच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. बाहेर आली, दादांकडं बघितलं, खिशाकडं बघितलं, दोरीवर वाळत घातलेल्या पिशवीकडं बघितलं. आणि खाली बसून हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"आगं आई गं. म्याच त्याच्या तोंडावर गोधडी घातली व्हय!"

जाळी म्हणजे यंत्राचं तोंड नव्हे, तो त्याचा कान. तो आम्ही आठवडाभर दुपदरी कापडानं झाकला होता आणि वायरीला दोष देत होतो. आईनं ओल्या पिशवीलाच कात्री लावली, पुढून चौकोनी खिडकी पाडली. कमळ अर्धं गेलं. मामाला निरोप गेला, दाजींना ऐकू येतंय. मामा येऊन दारातून हळूच "दाजी" म्हणाला आणि दादांनी वळून बघितलं, तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं ते मी शब्दांत मांडू शकत नाही. फडकं गुंडाळलेल्या हातानं त्यानं आईच्या डोक्यावर टपली मारली. "आक्का, तुझ्या कमळापायी दाजी खडीवर निघालं होतं की."

मला आता वाटतं, त्या खुशीतच चूक होती. आम्ही सगळे इतके हलके झालो की पुढं कुणी काही विचारलंच नाही. रविवारी दादा जरा जास्तच गप्प होते. मी विचारलं, येतंय ना? म्हणाले, "झ्याक." ऐकू येणं म्हणजे काय, याची आपल्याला केवढी खात्री असते! कान असलेल्याला वाटतं आवाज आला म्हणजे ऐकू आलं. इथं अनिकेतसुद्धा मला हेडफोन देतो, आवाज वाढवतो आणि म्हणतो, आता? मीही 'हो' म्हणून टाकते. पोरगं एवढं करतंय, त्याला नाही कसं म्हणायचं?

सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही विहिरीवर. वारा सुटला होता. मामानं बादलीत एक पाय टाकला, तारेला हात धरला. दादा ब्रेकपाशी, छातीवर अर्ध्या कमळाची पिशवी. दांड्यावरचे दोघं तयार. आणि दादांनी ब्रेकवरचा हात काढून घेतला.

"उतरू नकोस, सुदाम."

"का?"

"ऐकू येतंय. समदं येतंय. पण समदं एकाच जागी येतंय. वारा, दगूड, बाया, तू. खालून आलं का बाजूनं आलं, ते कळंना."

आई घमेलं घेऊन तशीच उभी. आप्पांनी दिलेलं यंत्र, तिनं शिवलेली पिशवी, दोनदा धाराशिव. हे सगळं करणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून दादा दोन दिवस गप्प राहिले होते. आता मामाचा पाय बादलीत पडल्यावर राहवलं नाही.

"मग जाताव खडीवर?" मामा म्हणाला. आवाज कोरडा होता, पण पाय त्यानं बादलीतून काढला नव्हता.

"जाईन. त्याआधी एक बगू."

दादा घराकडं चालत गेले, आणि परत आले ते गोठ्यातल्या खुंटीवरचे दोन्ही कासरे घेऊन. बैल छावणीत; कासरे रिकामे लटकत होते. त्यांनी दोन्हींना गाठ मारली, कमी पडलं म्हणून दावंही जोडलं. एक टोक मामाच्या हातात दिलं, दुसरं आपल्या डाव्या मनगटाला गुंडाळलं.

"बैल काय बोलतोय का माझ्याशी? तीस वर्षं गाडी हाकली. त्याच्या मनातलं कासऱ्यातनं हाताला कळतं. एक हिसका, वढायचं. दोन हिसके, थांबायचं. सारखा हलवलास तर समदं थांबवून काठावर पळत येतो."

दांड्यावरचा एकजण म्हणाला, "म्हंजी मुकादम, तुम्ही बैल झालाव."

"दाजीच्या घरात आक्का दिली तवाच झालो," मामा म्हणाला, आणि दुसरा पायही बादलीत टाकला.

तो खाली गेला. कासरा दादांच्या हातातून सरकत सरकत उतरला आणि थांबला. बराच वेळ काही नाही. मग दादांचं मनगट एकदा हललं. मी ते बघितलं. कुठंही आवाज नव्हता. दादांनी ब्रेक सोडला, दांडा फिरला, बादली भरून वर आली. रिकामी खाली गेली. मध्येच दोन हिसके; दादांचा हात ब्रेकवर इतक्या पटकन बसला की दांड्यावरचे दोघं धडपडले. वर आल्यावर मामा म्हणाला, ते दोन मुद्दाम दिले होते, बघायला. दोन शिव्याही दिल्या त्यानं दादांना, प्रेमाच्या. खडीचं नाव पुन्हा निघालं नाही. दादांनी त्या यारीवर पुढं कितीतरी विहिरी केल्या.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या बादलीनंतरचं. दादांनी कानातलं बटण काढलं, गळ्यातली पिशवी काढली, माझ्या हातात दिली. "धर, हितं आपटंल दगडावर." आणि पुन्हा कासऱ्याकडं वळले. मी ते घेऊन कडुलिंबाखाली ठेवायला गेले. का कुणास ठाऊक, ठेवायच्या आधी ते बटण मी माझ्या कानात घातलं. यंत्र आमच्याकडं आल्यापासून ते कुणीच आपल्या कानात घालून बघितलं नव्हतं. ना आईनं, ना मामानं, ना मी.

आधी वारा आला, फडक्यासारखा फाटत. मग बाईनं मुरूम ओतला तो थेट माझ्या डोक्यात ओतला. माझीच बांगडी पिशवीला लागली आणि दातांत कळ गेली. समोरून आई काहीतरी म्हणत आली. तिचे ओठ मला दिसत होते, आणि तिचा शब्द त्या ढिगाऱ्याखाली कुठंतरी होता, हातानं उपसला तरी सापडला नसता. मी झाडाला टेकले. पहाटे उठल्यापासून दिवस मावळेपर्यंत हे असं कानात घेऊन दादा बसत होते, आणि "येतंय का" म्हणून विचारणाऱ्या आम्हा प्रत्येकाकडं बघून, हसून, म्हणत होते, "येतंय, येतंय. लई झ्याक."